डाव्या बाहीचं रफू

ब्रुकलिनच्या स्टुडिओत, तळघरात,
बॉयलरच्या भिंतीला पाठ लावून
एकोणीस वर्षं मी एका मालिकेचे कपडे सांभाळले.
गोळी लागल्याची भोकं माझी,
पोटुशी दिसण्याच्या उशा माझ्या,
आणि लेलँडचा काळा कोट.

लेलँडचं काम सोपं.
मेजवानीचा प्रसंग आला की विधवा बाईंना
गाडीतून उतरायला कुणीतरी लागायचं.
तो दार उघडायचा, कोपर पुढे करायचा,
शाल धरायचा, ग्लास धरायचा, गप्प राहायचा.
मग कुणाचं तरी बिंग फुटायचं,
कुणी थोबाडीत द्यायचं, झुंबराखाली कुणी कोसळायचं,
आणि तो म्हणायचा, 'गाडी आलीय.'

एवढ्या वर्षांत त्याला कुणी प्रेमात पाडलं नाही.
त्याला जुळा भाऊ निघाला नाही, स्मृती गेली नाही.
बाकीचे सगळे दोन-दोनदा मेले;
ह्याला मारायचं लेखकांच्या लक्षातच राहिलं नाही.

मला मात्र तो कोट पाठ होता.
उजवी बाही नव्यासारखी.
डावी विरायची, कोपराच्या घडीपाशी.
तिथेच हात ठेवायच्या ना सगळ्याजणी,
कॅमेरा सुरू व्हायच्या आधी जरा जास्तच घट्ट.
अंगठीचे खडे अडकायचे. एकदा तर
कुणाचं लाल नख सापडलं, अख्खं.
कॉर्डेलियाबाई खऱ्या नवऱ्याला पुरून
तिसऱ्या दिवशी कामावर आल्या,
त्या रात्री बाहीवरच्या सुरकुत्या
इस्त्रीला दाद देईनात.
मी रफू केलं. अकराव्यांदा.

मग माझ्या ग्रासाचं लग्न ठरलं, नेवार्कला, मे महिन्यात.
झेफेरीनो येणार होता,
आणि त्याच्याबरोबर ती, दातांच्या दवाखान्यातली.
मी तोंडात टाचण्या धरून विचारलं,
नीट ऐकू गेलं नाही तर बरंच, म्हणून:
'शनिवारी मोकळा आहेस?'
तो म्हणाला, 'गाडी किती वाजता आणू?'
पैशांचा विषय काढला तर एक भुवई वर गेली.
एवढा अभिनय त्याला कुणी कधी करू दिला नव्हता.

आला तेव्हा गळ्यातला बो बघितला.
गाठ समोरून बांधलेली, दुसऱ्या कुणाच्या हातची,
मायेने बांधलेली.
मला कळतं ते. मी विचारलं नाही.

हॉलमध्ये खारवलेल्या माशाचा वास, अकॉर्डियन,
आणि दोरिंदा आत्या किंचाळलीच: 'अगं, हा तर दुपारचा!'
बायका गोळा झाल्या.
कॉर्डेलिया खरंच तेवढी दुष्ट आहे का?
तुझं लग्न का लावत नाहीत रे ते मेले?
बिचाऱ्याकडे वाक्यंच नव्हती.
तो लाजला, आणि छातीवरच्या रेशमी रुमालाने
कुणाच्या तरी नातवाचं नाक पुसलं.
(तो रुमाल स्टुडिओचा. जाऊ दे.)

झेफेरीनो दारात उभा राहिला तेव्हा
त्याचं टक्कल, तिचा हिरवा झगा,
काही म्हणता काही दिसलं नाही मला.
दिसलं फक्त एक कोपर,
काटकोनात, नेहमीसारखं, थोडं माझ्याकडे झुकलेलं.
मी हात ठेवला
आणि बोटांखाली लागलं
माझंच रफू.

इतकी वर्षं ते उजेडाकडे धरून तपासलं होतं,
भार टाकून कधी नाही.
जाड झालंय जरा, मनात आलं,
दुहेरी धागा नको होता घ्यायला.
तेवढ्यात आम्ही त्यांना ओलांडून पुढे गेलोसुद्धा,
केकपर्यंत.

सोमवारी कोट परत आला, ब्रश मारून.
खिशात लग्नातले साखरबदाम, जाळीत बांधलेले, पाच.
मी बाही दिव्याखाली धरून बराच वेळ बघत बसले.
त्यातली माझ्या बोटांची सुरकुती कोणती,
काही ओळखता येईना.
गुरुवारी पुन्हा मेजवानी होती, गव्हर्नरच्या घरी.
इस्त्री तापत ठेवली.